पाखंडी ही आधीपासून शिवीच होती का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, ठाणे-वाशी लोकलमध्ये धर्मावरून वाद चालला होता आणि कुणीतरी म्हणालं की दुसऱ्याच्या धर्मावर टीका करणारे सगळे पाखंडी, बुद्धाने असलं कधी केलं नाही. तर हा शब्द मुळात शिवीच का?

नाही ताई, निदान अशोकाच्या लेखी तरी नाही. त्याच्याकडे 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या पंथालाही तो हेच म्हणतो. गिरनारचा बारावा शिलालेख बघा, 'आत्पपासंडपूजा' आणि 'परपासंडगरहा', म्हणजे आपल्या पंथाची आरती ओवाळणं आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा (गरहा म्हणजे आपल्या 'गर्हणीय'मधलीच). हे दोन्ही प्रसंग नसताना करू नये, आणि प्रसंग आलाच तर बेताने करावं. लोक नेमका हा दुसरा भाग गाळतात! टीका बंद करा असं तो म्हणतच नाही, 'वचिगुती' मागतो, म्हणजे जिभेला लगाम, नाहीतर आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याला नावं ठेवणारा आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो.

आपल्याकडे सोपाऱ्याला (२०१४ पर्यंत ठाणे जिल्हाच) अशोकाचे लेख सापडले, १८८२ आणि १९५६ मध्ये, पण ते आठव्या आणि नवव्याचे तुकडे, बारावा नाही.

आता दुसरी बाजू. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली गाथांच्या संग्रहात, चाला नावाची थेरी (ज्येष्ठ भिक्षुणी) 'इतो बहिद्धा पासण्डा' म्हणते, आपल्या बाहेरचे पासंड, त्यांना धम्म कळत नाही. म्हणजे बौद्धांकडेही शब्द 'ते लोक' या अर्थाला सरकलेलाच होता. मनुस्मृतीत तर पाषंडी लोकांचा शब्दानेही सत्कार करू नये असं आहे, आणि त्यात बौद्धही धरले गेले. मग ष चा ख होऊन पाखंड, आणि मराठीत सरळ ढोंग.

आणि बुद्धाने टीका केलीच नाही हे काही खरं नाही. तेविज्ज सुत्तात, म्हणजे त्याच्या एका पाली उपदेशात, तो वेदपारंगत ब्राह्मणांना एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांग म्हणतो, ही काय स्तुती झाली? पण निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा उपासक उपाली त्याच्याकडे आला तेव्हा बुद्धच त्याला म्हणाला, तुझ्या घरी निगंठ येत आलेत, त्यांना दान देणं चालू ठेव. मताचं खंडन करायचं पण माणसाचं ताट ओढायचं नाही, मला तरी एवढंच दिसतं.

वापराचं म्हणाल तर आजच्या मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगीच, पण अशोकाचा लेख मराठीत लिहिताना 'पंथ'च लिहा, 'पाखंड' लिहिलंत तर राजा स्वतःलाच ढोंगी म्हणतोय असं होईल.