स्कॉटलंडमध्ये ईस्टरला गोड काय खातात?

हॉट क्रॉस बन (वर क्रॉसची खूण असलेला गोड पाव) आणि वर मार्झिपानच्या, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याच्या, 11 गोळ्या लावलेला सिमनेल केक (गोळ्या म्हणजे दगा देणारा जुडास वगळून येशूचे शिष्य) ब्रिटनभर मिळतात. खास स्कॉटिश म्हणाल तर टॅब्लेट, तशी ती बारमाहीच. साखर, लोणी, कंडेन्स्ड मिल्क आटवायचं, खाली उतरवून हात भरून येईपर्यंत घोटायचं आणि थापायचं. रवाळ वडी पडते, गोड इतकी की एका तुकड्यात पुरे.

विचित्र हवं असेल तर मॅकरून बार. पारंपरिक घरगुती कृतीत आत चक्क उकडलेला बटाटा आणि भरपूर पिठीसाखर, वरून चॉकलेट नि भाजलेलं खोबरं! बटाट्याची चव लागत नाही. ईस्टरच्या सुमारास काही फिश अँड चिप्सवाले (तळलेले मासे-बटाटे विकणारे) क्रीम भरलेलं चॉकलेटचं अंडं पिठात बुडवून तळूनही देतात. भजीच म्हणा ना!