वर्गप्रतिनिधी न झालेल्या मुलांचे काय?

प्रश्न : आमची मुलगी आठवीत असून अबोल आहे. शाळेतील समाजकार्यकर्त्या बाईंनी तिला विद्यार्थी गटात घेतले आहे. यातून नेतृत्वगुण येतील का? – एक पालक, कोथरूड

उत्तर : येऊ शकतात, मात्र ते भाषणातूनच दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडे पुढे पुढे करणाऱ्यालाच नेता समजण्याची खोड आहे. समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणी शिकवले जाणारे गटकार्य याच्या उलट चालते : मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली असेल, तर कार्यकर्ती स्वतः तक्रार करीत नाही, ती मुलींना अडचण नोंदवायला, मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला आणि आठवड्याने त्याचा पाठपुरावा करायला लावते, व गटप्रमुखाची जबाबदारी आळीपाळीने देते. अबोल मुलीला आधी गटाच्या बैठकीचे इतिवृत्त लिहायला मिळते, आणि पुढील बैठकीत ते वाचून दाखवताना तिचा आवाज आपोआप फुटतो. मुलांचे मत विचारात घेणे हा संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमाचा भाग असून भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली आहे. आपण घरी एवढेच करावे : तिचा अर्ज स्वतः लिहून देऊ नये.