सहाच्या आत मॉरिसन ओलांडायचं

अरे बाळा,

तुझा रविवार रात्रीचा मेसेज मी सोमवारी परत एकदा नीट वाचला. सकाळी साडेआठला डेन्व्हरजवळच्या गोल्डनहून निघालात, लव्हलँडच्या स्की-डोंगराच्या पार्किंगला पोचेपर्यंत साडेअकरा, मग स्की-बूट भाड्याने घ्यायच्या रांगेत तासभर, लिफ्टवर पहिल्यांदा बसलास तेव्हा एक वाजला होता, कडक बर्फावर घसरून तीनदा आपटलास, साडेतीनला सामान परत केलंत आणि घरी पोचायला रात्रीचे आठ. आणि खाली लिहिलंयस, काकू मला नाही वाटत हे मला जमेल, स्की-पासचे पैसे वाया गेले बहुतेक.

अरे पण तू स्कीइंग केलंस कुठे? तू आय-70 हायवेवर गाडीत बसलास आणि शेवटी दोन-अडीच तास उरलंसुरलं चाखलंस. त्यावरून जमेल की नाही हे कसं ठरवतोस तू?

रूममेट म्हणतात पहाटे उठणं म्हणजे वेडेपणा, सुट्टी आहे, नाश्ता करून आरामात जाऊ, ठीक आहे, त्यांचं वय आहे. पण तुझं एक वाक्य मला खरंच खुपलं. "पहिली लिफ्ट वगैरे एक्स्पर्ट लोकांसाठी असते, मी तर शिकाऊ." हे बरोबर उलटं आहे. एक्स्पर्ट माणूस दुपारी बाराला आला तरी त्याचं काही बिघडत नाही, त्याला खडबडीत बर्फावर उतरता येतं, गर्दीतून वाट काढता येते. सकाळ लागते ती तुला.

का ते सांगते. रात्री डोंगर बंद असतो तेव्हा स्नोकॅट नावाची मोठी मशिनं उतार सारखे करत फिरत असतात. सकाळी साडेआठला लिफ्ट सुरू होते तेव्हा सोपे उतार कसे दिसतात माहितीये? ताजं सारवलेलं अंगण, बोटांच्या रेघा अजून तशाच. त्यावर स्की ठेवली की ती ऐकते. वळायचं म्हटलं की वळते, थांबायचं म्हटलं की थांबते. आता हिशोब कर. चार सीटची फास्ट लिफ्ट तासाला साधारण 2,400 माणसं वर नेऊ शकते. अर्धी रिकामी धावली तरी तीन तासांत साडेतीन हजार वेळा कोणीतरी त्या उतारावरून खाली आलेलं असतं. आणि शिकाऊ लोकांच्या उतारावर तर प्रत्येकजण स्कीचं पुढचं टोक जवळ आणून ब्रेक मारत उतरतो, म्हणजे वरचा मऊ थर खरवडत खरवडत कडेला ढकलला जातो, मधे चकचकीत कडक पट्टा उरतो आणि कडेला ढीग. तू एक वाजता त्या पट्ट्यावर पडलास. तिथे कोणीही नवीन माणूस पडेल. तुझ्या पायांचा काही दोष नाही.

शिवाय दुपारी ढग आले की उजेड असा सपाट होतो की पांढऱ्यावर पांढरं, खळगा कुठे आणि उंचवटा कुठे ते दिसतच नाही. पाय थकलेले, मागून येणारे जोरात येणारे, आणि तू अजून थांबायला शिकतोयस. नवीन माणसाला घाबरवून सोडायला एवढं पुष्कळ झालं. म्हणून म्हणते, आधी पोच. कुठला उतार, कुठले गॉगल, यूट्यूबवर कोण काय शिकवतंय, सगळं नंतर. आधी पोच.

रस्त्याचं गणित तुला अजून कळलेलं नाही म्हणून तेही लिहिते. डेन्व्हरहून पश्चिमेला डोंगरात जायला मोठा रस्ता एकच, आय-70. लव्हलँड, ए-बेसिन, कीस्टोन, ब्रेकनरिज, कॉपर, व्हेल, सगळ्या स्की-डोंगरांची गर्दी त्याच एका नळीतून जाते. फ्लॉइड हिलला उतार, आयडाहो स्प्रिंग्जला दरी अरुंद, जॉर्जटाउननंतर चढ, आणि वर आयझेनहॉवर बोगदा, 1973 साली उघडलेला, जाणाऱ्या बाजूला दोनच लेन. रस्ता बंद नसेल तर पहाटे सहाला तू गोल्डनहून तासाभराच्या आत लव्हलँडला असतोस. तोच माणूस, तीच गाडी, साडेसातला निघाला की दुप्पट, आणि बर्फ पडत असेल तर देवाला माहीत. लव्हलँडचं बरं आहे, बोगद्याच्या अलीकडेच उतरायचं. पलीकडे जायचं असेल तर अजून एक भानगड, लव्हलँड पास, म्हणजे बोगदा टाळून जाणारा घाटरस्ता, हिमस्खलनाच्या भीतीने बंद असला की ज्वालाग्राही माल नेणारे ट्रक बोगद्यातून सोडतात आणि तेवढा वेळ बाकीचं ट्रॅफिक अडवून धरतात. ह्यातलं काहीच तुझ्या हातात नाही. घरातून कधी निघायचं एवढंच हातात आहे, आणि तेच तुम्ही लोक सोडून देता.

सहाच्या आत मॉरिसन ओलांडायचं. मॉरिसन म्हणजे आय-70 वरची डोंगराआधीची एक्झिट. लिहून फ्रिजवर लाव.

आणि लवकर पोचण्याचा फायदा परतताना पण असतो, हे कोणी सांगत नाही. साडेआठला सुरू केलंस तर साडेबारापर्यंत चार तास होतात, नवीन माणसाच्या पायात त्यापेक्षा जास्त नसतंच काही. एकच्या आत गाडीत बसायचं. रविवारी दुपारनंतर परतीची रांग लागते ती अंधार पडेपर्यंत हलत नाही, तू बघितलीस. आम्ही घरी येऊन वरणभात खाऊन झोपतो तेव्हा तुझे रूममेट सिल्व्हर प्लूमला ब्रेकलाइट बघत असतात.

आता तू म्हणशील ग्रुपचं काय, त्यांना सोडून एकटं कसं जायचं. हा प्रश्न तू शेवटी हळूच विचारलायस पण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

मंडळातले लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेलच. ही बाई कोणासाठी थांबत नाही. हो, नाही थांबत. मॉरिसनच्या एक्झिटला ते डायनो लॉट आहेत ना, टी-रेक्स, स्टेगोसॉरस अशी नावं असलेली पार्किंगं, तिथे आम्ही एका फॅमिलीला पावणेसहाला भेटायचं ठरवलं होतं. सहा वाजले, फोन केला, "बस निघतोच आहोत, पराठे पॅक करतोय." सव्वासहा. माझ्या गाडीत अजून तिघं होते, त्यातली एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा स्की घालणार होती, रात्रभर झोपली नव्हती बिचारी. मी गाडी काढली. त्यांनी नंतर बरेच महिने माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं, गणपतीला आले तरी नमस्कारापुरते. पण ती मुलगी साडेआठला रिकाम्या उतारावर उभी होती आणि अकरापर्यंत तिला वळायला येत होतं. आज ती माझ्यापेक्षा छान स्की करते. मग मी चुकले का? मला नाही वाटत. ठरलेली वेळ सगळ्यांची असते, उशिरा येणाऱ्याची एकट्याची नसते. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा गाडी काढीन.

मी एवढी हट्टी का आहे ते तुला सांगायला हवं. मी इथे आले तेव्हा तुझ्याएवढीच होते. खिडकीतून हेच डोंगर दिसायचे आणि आजूबाजूचे सगळे म्हणायचे आपल्या लोकांचं काम नाही ते, हातपाय मोडून बसशील, विमा परवडत नाही. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा ते जड बूट पायात घातले. म्हणजे बघ, ज्या वयात गुडघे सगळं सहन करतात ती सगळी वर्षं मी खिडकीपाशी घालवली. आता उजवा गुडघा दुपारनंतर बोलायला लागतो आणि डॉक्टर दरवर्षी तोंड वाकडं करतात. माझ्याकडे ज्या काही सकाळी उरल्यात त्यातली एकही मी कोणाच्या पराठ्यांसाठी देणार नाही. तुझ्याकडे अजून ढीगभर आहेत म्हणून तू वाया घालवतोयस आणि मला ते बघवत नाही, एवढंच आहे.

बरं, लवकर गेलं की दरवेळी सगळं छानच असतं असंही नाही, ते खोटं सांगणार नाही. खूप बर्फ पडून गेला असेल तर वरच्या लिफ्ट उशिरा उघडतात, स्की-पट्रोल, म्हणजे डोंगरावरची सुरक्षा बघणारे लोक, आधी स्फोटकं लावून धोक्याचा बर्फ खाली पाडतात, तोपर्यंत दोर लावलेले असतात आणि लोक खाली ताटकळत असतात. तुला त्याचं काही देणंघेणं नाही, तुझे खालचे उतार तोवर चालू असतात. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने वितळलेला बर्फ रात्री गोठतो, तेव्हा सकाळी पहिला तास दगडासारखा कडक असतो, पूर्वेकडच्या उतारांवर ऊन आधी येतं, ते आधी मऊ होतात. अशा दिवशी पहिल्या लिफ्टवर बसलं नाहीस तरी हरकत नाही. पण पोच. गाडीत थर्मासमधला चहा पी, ऊन कुठे पडतंय ते बघ, बूट सावकाश चढव. पोचलेला माणूस वाट बघू शकतो, ट्रॅफिकमधला माणूस फक्त चिडू शकतो. आणि उंचीचं पण आहेच, लव्हलँडचा पायथाच 3,290 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट, तिथे गाडीतून उतरून लगेच धावपळ केली की डोकं धरतं. अर्धा तास शांत बसून पाणी प्यायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे.

तुझी गाडी डोंगरात चालेल का, ही तुझी शंका खरी आहे, त्या जुन्या सिव्हिकचे टायर मी बघितलेत. 1 सप्टेंबर ते 31 मे मॉरिसनपासून पश्चिमेला डॉटसेरोपर्यंत कायदाच आहे, टू-व्हील ड्राइव्ह गाडीला बर्फाचे टायर तरी हवेत नाहीतर साखळ्या तरी सोबत हव्यात. तुझ्याकडे दोन्ही नाही. तेव्हा ती गाडी डोंगरात न्यायची नाही, विषय संपला. शनिवार-रविवारी सीझनमध्ये डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून स्नोस्टँग बस निघते, पहाटेच निघते, तिचं तिकीट बघ. विंटर पार्क नावाच्या स्की-डोंगराला ट्रेन पण जाते, मॉफट बोगद्यातून, थेट उताराच्या पायथ्याशी उतरवते, ती काही पहिल्या लिफ्टला पोचवत नाही पण निदान ट्रॅफिकमध्ये अडकवत नाही, त्यामुळे तिला मी माफ केलंय.

ह्या शनिवारी माझ्या गाडीत एक जागा आहे. पावणेसहाला डायनो लॉटला ये, कोणीतरी सोडेल तर बघ, नाहीतर मला शुक्रवारी रात्रीच सांग, मी गोल्डनमधून घेईन तुला, पण मग साडेपाचला दारात उभा राहा, बेल वाजवायला लावू नकोस. रूममेटना पण विचार, आले तर आनंदच आहे, गाडीत नाही मावणार पण त्यांनी त्यांची काढावी. नाही आले तर वाईट वाटून घेऊ नकोस आणि त्यांच्यासाठी थांबूही नकोस. संध्याकाळी जेवायला भेटशीलच की त्यांना.

स्की आणि बूट शुक्रवारी संध्याकाळीच गावातल्या दुकानातून भाड्याने आण, डोंगरावरच्या रांगेत उभं राहायचं नाही. दुकानात बूट घालून दहा मिनिटं तसाच चाल. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, टाच वर उचलली जाता कामा नये. आणि मोजा एकच घालायचा, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन घालशील, तर बूट आवळला जातो, रक्त खाली पोचत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

काकू