कथालेखिका व्हायचंय, मग डिग्री कोणती?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. तिला कथालेखिका व्हायचं आहे. मी बीकॉम करून सीए हो म्हणतो, ती बीएवर अडून बसली आहे. शिवाय 6 आठवड्यांच्या एका ऑनलाइन कथालेखन कोर्सची 45 हजार फी भरा म्हणते. लेखन असं शिकवून येतं का? आणि पोटापाण्याचं काय? तिची एक कथा सोबत जोडतो आहे.
– एक पालक, धायरी

उत्तर : कथा जोडलीत हे फार बरं केलंत. माझं बरंचसं उत्तर त्या कथेतूनच आलं आहे.

कथेचं पहिलं दीड पान नुसता पाऊस आहे. तिसऱ्या पानावर आजी बँकेचं पासबुक तांदळाच्या डब्यात लपवते आणि नात ते दारातून बघते. कथा खरी सुरू होते ती तिथे. त्या चार ओळींत आजीचा स्वभाव आहे, घरातली पैशांची ओढाताण आहे, मुलावरचा अविश्वासही आहे, आणि यातलं काहीही तिने उघड सांगितलेलं नाही. हे वाचून मला मनापासून आनंद झाला. शेवटच्या परिच्छेदात मात्र आईच्या तोंडून सगळा उलगडा करून टाकला आहे. वाचकाला ते केव्हाच कळलेलं असतं.

म्हणजे बघण्याची नजर तिच्याकडे आहे. काय गाळायचं, कुठे थांबायचं, गोष्ट कुणाच्या बाजूने सांगायची, हे शिकण्यासारखं आहे आणि ते पुन्हा पुन्हा लिहूनच येतं. हीच कथा तिने आजीच्या बाजूने लिहून बघावी. नातीला फक्त डबा दिसला होता. आजीला शिल्लक किती आहे ते माहीत आहे, पासबुक कुणापासून लपवायचं तेही माहीत आहे. मग हे कारण वाचकापासून किती वेळ राखून ठेवायचं, असा नवाच पेच तिच्यापुढे येईल. तो सोडवताना ती जे शिकेल ते कुठल्याही व्याख्यानात मिळणार नाही. आणखी एक : आजी भोरकडची आहे असं कथेतच म्हटलंय, पण आजी आणि आई दोघी अगदी एकसारखं, छापील बोलतात. तिने तुमच्या घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकावं.

आता कोर्स. फी भरण्याआधी एवढंच विचारा, की मुलीचं लिखाण कोण वाचणार, किती वेळा वाचणार आणि शेरे लिहून परत देणार का? नुसती रेकॉर्ड केलेली व्याख्यानं असतील तर हे पैसे घालू नका. चोखंदळ वाचक आणि सुधारून लिहायची मुदत मिळत असेल तर विचार करा, पण इतकी फी मला तरी जास्तच वाटते. त्याआधी तिला ग्रंथालयाचं सभासद करा. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासूनचं आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. कॉलेजात गेल्यावर पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या संघात तिने जरूर शिरावं, भले मागची कामं करायला का होईना. ही स्पर्धा जिथे होते त्या भरत नाट्य मंदिरात ओढूनताणून लिहिलेलं वाक्य कसं पडतं, हे प्रेक्षकांत बसून एकदा अनुभवलं की संवाद लिहिणारा हात सुधारतो.

डिग्रीबाबत मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. कॉमर्सनंतर बीएला प्रवेश घेता येतो. मराठी, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांपैकी तिला ज्यात खरी गोडी आहे तो विषय घ्यावा. सीए हा उत्तम व्यवसाय आहे, पण परीक्षा आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, यांत विशीची वर्षं पुरती गुंतून जातात, आणि मनात नसताना तो अभ्यास निभत नाही.

पोटापाण्याची तुमची काळजी रास्त आहे आणि ती तिच्याशी मोकळेपणाने बोला. मराठीत केवळ कथांवर घर चालवणारे फार थोडे. दिवाळी अंकाच्या मानधनावर घरभाडं निघत नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला होते. लिहिणं नोकरीच्या बरोबरीने चाललं. तिनेही तसंच ठरवून चालावं. बीएनंतर एमए करून अध्यापनाकडे जाता येईल. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता आहे, आणि अनुवाद, मुद्रितशोधन, प्रकाशनातलं संपादन ही भाषेवर पोसणारी कामं आहेत. मालिकांच्या पटकथा-संवादलेखनात कथेपेक्षा बरे पैसे मिळतात, पण रोजच्या भागाची घाई माणसाला पिळून काढते. त्या वाटेने जायचंच असेल तर पदवीनंतर लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेच्या पटकथालेखन अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यावी.

तिची कथा पेन्सिलने खुणा करून परत पाठवतो आहे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा बोर्डाची परीक्षा संपली की तिने ती पुन्हा लिहायला घ्यावी आणि जूनच्या आत एखाद्या संपादकाकडे धाडावी. नकार आला तर पुढच्या अंकाकडे. आणि तुम्ही ती वाचलीत तर 'छान आहे' एवढ्यावर सोडू नका. कुठे कंटाळा आला ते पानासकट तिला सांगा.