प्रश्न तुमचे: बिअर गोठली, रम का नाही?

प्रश्न: पाहुणे येणार म्हणून बिअरच्या दोन बाटल्या आणि वाईनची एक अशा तीन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि विसरून गेलो. सकाळी बघतो तर एक बिअर फुटलेली, दुसरीचं बूच वर उचललेलं आणि वाईनचा बर्फ. शेजारची रम मात्र जशीच्या तशी. दारू गोठत नाही असं ऐकलं होतं. मग हे कसं? (नाशिक)

उत्तर: ऐकलं ते निव्वळ अल्कोहोलबद्दल खरं आहे. ते गोठायला उणे ११४ अंश सेल्सिअस लागतं आणि घरचा फ्रीजर उणे १८ वर थांबतो. पण बाटलीत निव्वळ अल्कोहोल नसतं. ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये बाकी जवळजवळ सगळं पाणीच, आणि गोठतं ते हे पाणी. अल्कोहोल एवढंच करतं की पाण्याला शून्य अंशावर गोठू देत नाही. जितकं अल्कोहोल जास्त, तितकी जास्त थंडी लागते.

साधी ५ टक्क्यांची बिअर उणे २ च्या सुमारास बर्फ धरू लागते, ८ टक्क्यांची स्ट्राँग उणे ३ ला, १२-१३ टक्क्यांची वाईन उणे ५ च्या आसपास. २० टक्क्यांचं मिश्रण उणे ८-९ पर्यंत तग धरतं. तुमच्या रमच्या लेबलवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असेल (जुन्या ब्रिटिश मापात तेच ‘७५ प्रूफ’ किंवा ‘२५ यू.पी.’, म्हणजे अंडर प्रूफ). तिला गोठायला उणे २५ च्या आसपासची थंडी हवी. ती फक्त तेलासारखी जरा दाट होते.

यातली गंमत अशी की वाईनचा ‘बर्फ’ हा सबंध बर्फ नसतोच. आधी पाणी स्फटिक होऊन वेगळं होतं, त्यामुळे उरलेल्या द्रवात अल्कोहोलचं प्रमाण वाढतं, मग त्याला आणखी थंडी लागते. उणे १८ ला ही चढाओढ थांबते तेव्हा उरलेला द्रव ३२-३३ टक्क्यांचा झालेला असतो. म्हणजे वाईनचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग अजून पातळच, पण बर्फाच्या जाळीत अडकलेला. चमच्याने दाबलं की बर्फ पांढुरका पडतो आणि गडद, कडक रस सुटतो.

बाटली फुटते ती दोन कारणांनी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बाटलीच्या मानेत तेवढी रिकामी जागा नसते. शिवाय बर्फ आपल्यात कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत नाही. बाहेर पडलेला वायू मानेत कोंडतो. बूच निसटलं तर नशीब, नाहीतर काच जाते.

प्रश्न: अशी गोठलेली बाटली वाचवता येते का? (पुणे)

उत्तर: काचेला बारीकशीसुद्धा चीर दिसली तर नाही. फडक्यातून गाळूनही घेऊ नका, काचेची कुसं फडक्यातून जातात. ती बाटली हातमोजे घालून किंवा जाड टॉवेलात धरून काढा आणि कागदात गुंडाळून टाका.

बाटली शाबूत असेल तर टॉवेलात गुंडाळून पातेल्यात उभी ठेवा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सोडा. गरम पाण्यात घालू नका. दाबाखालची काच अचानक तापली की तडकते. गोठलेली असताना उघडूही नका. बूच वर आलं असेल तर वायू गेला, बिअर मिळमिळीत लागणार. तिच्यात भज्यांचं पीठ भिजवा.

वाईन पिण्याजोगी राहते, फक्त सुवास थोडा बसतो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतील. बाटली धड असेल तर घाबरू नका: ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार, थंडीने खाली बसलेले. वरची वाईन हलक्या हाताने ओतून घ्या.

प्रश्न: व्हिस्कीच्या बाटलीत बर्फाचे कण दिसले. भेसळ समजायची का? आणि गोठली नाही तर अस्सल? (ठाणे)

उत्तर: पहिल्याचं उत्तर ‘बहुधा’. उणे १८ ला बर्फ धरला म्हणजे अल्कोहोल साधारण ३२ टक्क्यांच्या खाली आहे. पण आधी लेबल वाचा. क्रीम लिकर किंवा नारळाच्या स्वादाची गोड रम मुळातच १७ ते २१ टक्क्यांची असते, तिच्यात बर्फ धरणं साहजिक. लेबलवर ४२.८ आणि आत बर्फ, तर कुणीतरी पाणी घातलंय. एक अपवाद: काही डीप फ्रीजर उणे २५ च्याही खाली जातात, तिथे ही परीक्षा लागू नाही.

दुसऱ्याचं उत्तर ठाम ‘नाही’. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल उणे ९८ पर्यंत गोठत नाही. विषारी मिश्रणही फ्रीजरमध्ये अगदी पातळ राहील. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. सीलबंद नसलेल्या दारूची परीक्षा घरी होत नाही. बर्फ काढून टाकून दारू ‘कडक’ करण्याचा उद्योगही नको: पाणी कमी होतं तसं बाकी सगळं, नको ते धरून, दाट होतं.

प्रश्न: मग बिअर लवकर गार कशी करायची? (सोलापूर)

उत्तर: आइस्क्रीमच्या जुन्या पॉटची युक्ती. खोल पातेल्यात १ किलो बर्फ, २०० ग्रॅम खडं मीठ आणि बाटली मानेपर्यंत बुडेल इतकं पाणी. पाणी टाळू नका. नुसते बर्फाचे खडे बाटलीला जागोजागी टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. बाटली मधून मधून फिरवा. कॅनला दहा मिनिटं, ६५० मिलीच्या बाटलीला वीस. नंतर लगेच काढा, कारण हे खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं आणि त्यातही बिअर गोठते.

फ्रीजरच वापरायचा तर मोबाइलवर ४५ मिनिटांचा गजर लावा. दोन तास म्हणजे धोका.

प्रश्न: बाटलीत बिअर पातळ दिसते, उघडताच बर्फ होतो. का? (कोल्हापूर)

उत्तर: न हलवलेली बिअर गोठणबिंदूखाली जाऊनही काही वेळ पातळ राहू शकते. बूच काढताच बुडबुडे उठतात, बर्फाला धरायला जागा मिळते. वायू गेल्याने गोठणबिंदूही किंचित वर सरकतो.

प्रश्न: गोव्याहून आणलेला उर्राक फ्रीजरमध्ये ठेवावा का? त्याची बर्फकांडी जमेल? (सावंतवाडी)

उत्तर: फेणी ठेवा, उर्राक नको. फेणी ४२-४३ टक्क्यांची, तिला काही होत नाही. उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची एकदाच गाळलेली दारू, १५ टक्क्यांच्या आसपास. उणे ६ ला बर्फ धरतो. काचेच्या भरलेल्या बाटलीत तर मुळीच नको.

बर्फकांडीसाठी एकूण मिश्रण ५ ते ८ टक्क्यांत बसवा. २५० मिली उर्राक आणि तेवढंच नेहमीपेक्षा गोड लिंबू सरबत, चिमूटभर मीठ, एक उभी चिरलेली हिरवी मिरची अर्धा तास घालून काढलेली. रात्रभर ठेवा. रम वापरायची तर अर्ध्या लिटरमध्ये ६० मिली, फार तर ९०. त्यापुढे गेलात की कांडी काडीवरून घसरते. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये मात्र फ्रीजरच्या झाकणावरचे तारे बघा: एक तारा उणे ६, दोन उणे १२, तीन उणे १८. बाहेरच्या दारावरचे तारे विजेचे, त्यांचा इथे संबंध नाही. एका ताऱ्याच्या फ्रीजमध्ये ही कांडी रबडीच राहील.