वेंगुर्ल्याच्या घरात सापडलेला जुना गंजिफा: लिलाव की ऑनलाइन?

आजोबांच्या पेटीत मिळालेला दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं हाताने रंगवलेला पत्त्यांचा संच, लिलावाला द्यावा की ऑनलाइन विकावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, लिलावाला. पण आधी पानं मोजा. दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 हवीत. एखादं जरी कमी असलं तरी भाव उतरतो. आणि कृपा करून ओल्या फडक्याने पुसू नका. आपल्या दमट हवेत पानं आधीच नाजूक झालेली असतात, पाणी लागलं की रंगाची खपलीच निघते.

लिलावगृह वस्तू तपासून कॅटलॉगमध्ये घेतं, तुमच्याशी बोलून राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही ती किंमत, ठरवतं. कमिशन कापतात, पैसे उशिरा येतात, पण जाणकार संग्राहक तिथे येतात. ऑनलाइन नुसत्या फोटोवर गिऱ्हाईक 'सावंतवाडीचा नवाच असेल' म्हणून भाव पाडतं, कारण तिथे आजही गंजिफा बनतो. साधी पितळी समई, तांब्याचं घंगाळ असलं तर ते खुशाल ऑनलाइन विका.

संच 100 वर्षांहून जुना निघाला तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने तो देशाबाहेर विकता येत नाही. परदेशातून कितीही मोठी रक्कम सांगितली तरी पार्सल करू नका.