कल्ट, चाक आणि चाकोरी

प्रश्न असा आला आहे. सोलापुरातले काही मित्र महिन्यातून एकदा जमतात आणि वेड लावणारे जुने सिनेमे, सुपरहिरोंची जुनी कॉमिक्स यांवर रात्री उशिरापर्यंत बोलतात. पुढच्या बैठकीची पाटी त्यांना मराठीत लिहायची आहे. 'कल्ट सिनेमा'ला 'पंथीय चित्रपट' म्हणावं की 'चाकोरीबाहेरचा चित्रपट'? आणि 'विंटेज कॉमिक्स'चं काय करावं?

आधी कानाला टोचणारी गोष्ट सांगतो. शुक्रवारी पिक्चर लागतो आणि रविवारी पार्क चौपाटीवर पोरं म्हणतात, "कल्ट आहे भावा!" दोन दिवसांत कल्ट होत नसतो. 'सैराट'ला (२०१६) कल्ट म्हणणारे तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. नागराज मंजुळे करमाळ्याचे, पिक्चर तिथल्या मातीतला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण अख्ख्या महाराष्ट्राने पहिल्या आठवड्यातच डोक्यावर घेतलेला सिनेमा तुफान चाललेला सिनेमा असतो, आणि तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही. 'जाने भी दो यारों' १९८३ साली आला, 'अंदाज अपना अपना' १९९४ साली. दोन्हींचा गल्ला तेव्हा बेताचाच. पुढे टीव्हीवर लोक ते परत परत बघत राहिले, संवाद तोंडपाठ झाले, एकाने अर्धं वाक्य टाकलं की दुसरा पुरं करायला लागला. तेव्हा कुठे ते कल्ट झाले.

आता 'पंथीय'. कल्ट म्हणजे पंथ, संप्रदाय असं भाषांतर सर्रास केलं जातं आणि तिथेच गाडी घसरते. पंथ म्हणजे वाट. वाट कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. कल्टला कुठे पोचायचंच नसतं. तो एकाच जागेभोवती फिरत राहतो, आणि हे मी पदरचं सांगत नाही, शब्दाच्या मुळातच ते आहे.

'कल्ट' आला लॅटिन 'कुल्तुस'वरून आणि कुल्तुस 'कोलेरे' या क्रियापदावरून. कोलेरे म्हणजे एका जागी वावरणं, राहणं, म्हणून तिथली जमीन कसणं, तिची निगा राखणं आणि शेवटी देवाची पूजा करणं. 'कल्चर'ही त्यातूनच. पण कोलेरेच्याही मागे, लॅटिन आणि संस्कृत जिच्यातून निघाल्या त्या जुन्या भाषेतलं, एक मूळ आहे, 'क्वेल्', म्हणजे फिरणं, गरगरणं. लॅटिनमध्ये जिथे 'क्व' राहिला तिथे आपल्याकडे पुष्कळदा 'च' झाला: त्यांचे 'क्वात्तुओर', आपले 'चत्वारः'. त्यांचे 'क्विंके', आपले 'पंच'. तसाच या 'क्वेल्'चा संस्कृतात 'चर्' झाला. आणि तेच मूळ दोनदा उच्चारून झालं 'चक्र', म्हणजे आपलं चाक. ग्रीकांनी त्याचं 'क्युक्लोस' केलं, त्यावरून सायकल. इराणातून फिरून आला तो चरखा. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्याचं बालपण चरख्यावर कांड्या भरण्यात गेलं, त्याने 'कल्ट' हा शब्द परका मानायचं कारण नाही. तो त्याच्या घरातला आहे. (चाकरीला मात्र यात ओढू नका. ती फारसी 'चाकर'वरून आलेली, चाकाशी तिचं नातं नाही.)

आणि अर्थही दोन्हीकडे सारखेच वळले, याचा मला सगळ्यात जास्त आनंद होतो. कोलेरेचा प्रवास फिरण्यापासून पूजेपर्यंत झाला. आपल्या 'चर्'चं पाहा: चरणे म्हणजे हिंडणे, मग परिचर्या म्हणजे सेवा, मग उपचार. आजाऱ्याचे उपचार तसेच देवाचे षोडशोपचार. हजारो कोस अंतरावरच्या दोन भाषा एकाच मुळापासून निघाल्या आणि दोघींनाही सेवा सुचली ती भोवती भोवती फिरण्यातून.

म्हणूनच 'चाकोरीबाहेरचा चित्रपट' हा पर्याय मला मुळीच मान्य नाही. तो सुचवणारे गृहस्थ मराठी शिकवत आले आहेत, त्यांच्या व्याकरणाबद्दल मला आदर आहे, पण इथे त्यांनी शब्द उलटा धरला. चाकोरी म्हणजे चाकाने पाडलेला माग. काळ्या रानातली गाडीवाट आठवा. पावसाळ्यात चाकाची लोखंडी धाव चिखलात रुतते, दिवाळीपर्यंत तो माग वाळून दगडासारखा होतो, आणि मग गाडीचं चाक आपोआप त्यात बसतं. गाडीवान कासरा ढिला सोडून डुलकी घेतो तरी बैल घरी येतात. कल्ट सिनेमाचा चाहता नेमकं हेच करतो. तोच पिक्चर, तेच संवाद, त्याच जागी तेच हसू. त्याच्या इतकं चाकोरीत राहणारं माणूस नाही. सिनेमा करताना दिग्दर्शकाने चाकोरी सोडली असेल, पण पाहणाऱ्यांनी त्याची चाकोरी पाडली म्हणून तो कल्ट झाला. वर कल्ट आणि चाकोरी ही एकाच मुळाची लेकरं. 'चाकोरीबाहेरचा कल्ट' म्हणजे चाकाबाहेरचं चाक.

अजून पटत नसेल तर एक उदाहरण घ्या. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ साली आला आणि पडला. १९७६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री दाखवायला सुरुवात झाली, आणि मग लोक पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले, पडद्याला मोठ्याने उत्तरं देऊ लागले, सुरुवातीच्या लग्नाच्या प्रसंगात तांदूळ उधळू लागले. तांदूळ! सोलापूरकराला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. कोण कुठे उभं राहणार, कधी गप्प व्हायचं, अक्षता कधी टाकायच्या हे लहान पोरालाही ठाऊक असतं. दरवर्षी तेच, आणि तेच आहे म्हणून जायचं. कोलेरे समजायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. शिवाय ती मुलगी कुंभाराची, म्हणजे तिच्या घरीही चाकच.

मग मराठी शब्द कोणता? तो आपल्याच जिल्ह्यात आहे: वारी. 'वार' म्हणजे खेप, पाळी. 'वारंवार'मध्ये बसलाय तोच. एकदा पंढरपूरला जाऊन आला तो यात्रेकरू, नेमाने जातो तो वारकरी. कल्ट सिनेमा म्हणजे वारीचा सिनेमा. देवाचा शब्द पिक्चरला लावला म्हणून कुणी डोळे वटारतील, तर त्यांनी आपलंच बोलणं आठवावं. कोर्टाच्या वाऱ्या, दवाखान्याच्या वाऱ्या, तहसीलच्या वाऱ्या आपण रोज करतो. तिथे चालतं, तर जिथे माणूस प्रेमाने जातो तिथे का चालू नये?

राहिलं विंटेज. हा शब्द द्राक्षाचा आहे. लॅटिन 'विन्देमिया', म्हणजे द्राक्षांची तोड. त्यावरून त्या वर्षीच्या द्राक्षांची वाईन, त्यावरून ते वर्ष. साल सांगितल्याशिवाय विंटेजला अर्थ नाही. आपल्या नान्नजच्या बागायतदाराला विचारा, ज्या गावाने द्राक्षाची सोनाका जात दिली त्या गावच्या. तो नुसता 'जुना बेदाणा' म्हणणार नाही, कुठल्या सालच्या छाटणीचा माल ते सांगेल. तेव्हा कोपरे दुमडलेलं कुठलंही कॉमिक विंटेज म्हणून खपवू नका. फँटम वर्तमानपत्रात अवतरला १७ फेब्रुवारी १९३६ ला, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. आपल्याकडे फँटमच्या गोष्टी छापणारं इंद्रजाल कॉमिक्स निघालं मार्च १९६४ मध्ये आणि १९९० ला थांबलं. पाटीवर विशेषण नको, साल हवं.

म्हणजे पाटी अशी लिहा: 'वारीचे सिनेमे आणि इंद्रजाल कॉमिक्स, १९६४ ते १९९०'. खाली फँटमचं चित्र काढणार असाल तर त्याचं मराठी नाव 'वेताळ' लिहा, ळ काढून. 'वेताल' हिंदीतला. आपल्या गावोगावच्या देवळात बसलाय तो वेताळ.